अर्धवट विमान विकत घेताना आधी कागद बघा

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावच्या माणसाला जुना ट्रॅक्टर कसा घ्यायचा हे शिकवावं लागत नाही. आरसी बघायची, चासी नंबर घासून वाचायचा, बँकेचा बोजा उतरला का ते विचारायचं, नमुना २९ आणि ३० वर विक्रेत्याच्या सह्या घ्यायच्या. कर्ज फिटलं असेल तर नमुना ३५ घ्यायचा, आणि मग अंबाजोगाईच्या आरटीओत एजंटाला गाठायचं. हे सगळं सोपं जातं, कारण तो ट्रॅक्टर शोरूममधून बाहेर पडला तेव्हाच सरकारदरबारी त्याची नोंद झालेली असते. मालक पाच बदलले तरी त्यांची नावं एका जागी सापडतात.

घरी बांधायच्या विमानाचं किट, तेही कोणीतरी निम्मं बांधून सोडून दिलेलं, विकत घ्यायला जाल तेव्हा यातलं काहीच हाताशी नसतं. पेट्यांमधल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची, फासळ्यांची आणि नळ्यांची नोंद कुठल्याच सरकारी पुस्तकात नसते. ज्याच्या शेडमध्ये माल पडलाय तो मालक, असं मानून लोक पैसे देतात. चार वर्षं खपून विमान उभं करतात आणि नोंदणीचा अर्ज भरायला बसतात तेव्हा पहिल्याच रकान्यापाशी अडकतात.

आपल्या भागात हा प्रश्न कोणाला पडणार, असं कोणी विचारेल. पण तो पडतो. एनसीसीच्या हवाई शाखेत मायक्रोलाइटमध्ये, म्हणजे अगदी हलक्या विमानात, बसून आलेली मुलं आहेत, अंबाजोगाई-लातूरला अभियांत्रिकी शिकून पुण्यात नोकरीला लागलेली आहेत, आणि केज-अंबाजोगाईकडची जी मुलं टेक्सास-कॅलिफोर्नियात स्थिरावली त्यांना तर असं किट गाडीच्या किमतीत समोर दिसतं. ‘मालकाला वेळ नाही, शेपूट आणि पंख तयार, निम्म्या किमतीत’ अशी जाहिरात वाचून भल्याभल्यांचा हात खिशाकडे जातो. ऑरेगनमधल्या व्हॅन्स कंपनीची आरव्ही मालिका, झेनएअरचं सीएच-७०१, किंवा आपल्याच बंगळूरच्या राज हंस कंपनीचं एक्स-एअर, ही या जगातली ओळखीची नावं.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर या वाटेवर सगळ्यांत पुढे गेलेलं नाव कॅप्टन अमोल यादव यांचं. मूळचे सातारा जिल्ह्यातले, तेव्हा जेट एअरवेजमध्ये वैमानिक. त्यांनी कांदिवलीच्या चारकोपमधल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये बीकेसीतल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. पण नोंदणी झाली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये, व्हीटी-एनएमडी या खुणेनं. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी स्वतः त्यात लक्ष घातलं होतं. उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये आली आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून चाचणी उड्डाण २०२० मध्ये झालं.

या गोष्टीतलं जिद्दीचं कौतुक पुष्कळ झालंय, ते योग्यच आहे. मला त्यातली कागदाची बाजू महत्त्वाची वाटते. यादवांच्या विमानाची मालकी वादात नव्हती. आराखडा त्यांचा, बांधणी त्यांची. तरीही नोंदणीला वर्षं गेली, कारण हौशी माणसानं बांधलेलं विमान कुठल्या वर्गात बसवायचं हाच प्रश्न होता. तुम्ही दुसऱ्याचं अर्धवट किट घेता तेव्हा वर्गाचा हा प्रश्न तर उरतोच, वर मालकीचाही येऊन बसतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरकारच्या हातात आहे. दुसऱ्याचं मात्र सर्वस्वी तुमच्या हातात आहे, तेही पैसे देण्याआधीपर्यंतच.

मालकी सिद्ध करायची म्हणजे कारखान्यापासून तुमच्यापर्यंत प्रत्येक हातबदलाचा कागद दाखवायचा. कारखान्यानं पहिल्या गिऱ्हाइकाला दिलेलं बीजक, पहिल्यानं दुसऱ्याला दिलेलं विक्रीपत्र, दुसऱ्यानं तुम्हाला दिलेलं विक्रीपत्र. मधला एक जरी गळला तरी पुढचे सगळे कागद लुळे पडतात. इथे एक गोष्ट नवख्याच्या लक्षात येत नाही. किट बहुधा एकदम विकत घेतलं जात नाही. शेपटीचा संच आधी, मग पंखांचा, मग धडाचा, शेवटी फिनिशिंगचा, असे ते वर्षा-दोन वर्षांच्या अंतरानं घेतले जातात आणि प्रत्येकाचं बीजक वेगळं असतं. विक्रेता तुम्हाला शेपटीचं बीजक दाखवतो आणि म्हणतो, ‘हे बघा, कंपनीची पावती.’ पंखांचं कुठाय? धडाचं कुठाय? कदाचित पंख त्यानंही तिसऱ्याकडून जुने घेतलेले असतील. तसं असेल तर त्या तिसऱ्या माणसाचं विक्रीपत्र लागेल.

बीजक हरवलं असेल तर घाबरून जाऊ नका. किटला कारखान्याचा अनुक्रमांक असतो आणि बहुतेक कंपन्या कोणता क्रमांक कोणाला विकला याची नोंद ठेवतात. त्या क्रमांकासह कंपनीला पत्र लिहा, पहिला गिऱ्हाईक कोण होता ते विचारा आणि बीजकाची प्रत मागा. त्याच पत्रात किट तुमच्या नावावर वळतं करायची पद्धतही विचारा. नुसत्या आराखड्यावरून बांधलेल्या विमानात तर हे टाळताच येत नाही, कारण पुष्कळ आराखडाकार एका माणसाला एकच विमान बांधायचा हक्क देतात आणि तो दुसऱ्याला द्यायचा असेल तर त्यांची लेखी संमती लागते. कंपनीचं उत्तर आणि विक्रेत्याचं बोलणं जुळत नसेल तर सौदा तिथेच थांबवा.

विक्रीपत्रात ‘एक विमान किट, सर्व साहित्यासह’ एवढंच लिहून भागत नाही. किटचं नाव आणि मॉडेल, कारखान्याचा अनुक्रमांक, कोणते संच, किती काम झालंय, इंजिन आहे की नाही, असेल तर त्याचा क्रमांक, प्रोपेलरचा पंखा आहे की नाही, किंमत, तारीख, दोघांची पूर्ण नावं आणि पत्ते, आणि यावर कुणाचा बोजा नाही असं विक्रेत्याचं स्पष्ट विधान, हे सगळं हवं. भारतातल्या भारतात व्यवहार असेल तर नोटरीपुढे करा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभर-दोनशेच्या स्टँपवर होणारी कामं पाचशेच्या स्टँपवर गेली आहेत, तेव्हा कपाटात जपून ठेवलेला जुना शंभराचा बाँड काढून बसू नका. विक्रेता विवाहित असेल आणि किट दोघांच्या पैशातून घेतलेलं असेल तर दोघांचीही सही घ्या. पुढे घर फुटलं तर पंख एकाकडे आणि धड दुसरीकडे जायला वेळ लागत नाही.

अशी किट बाजारात येतात त्यामागे एक फार साधं आणि वाईट कारण असतं: बांधणारा माणूस गेला. शेडमध्ये किट पडून आहे, मुलांना त्यात रस नाही, जागा अडलीय, म्हणून बायको ते विकायला काढते. तिच्याबद्दल सहानुभूती ठेवा, पण एकट्या तिच्या सहीवर किट घेऊ नका. आपल्याकडे शेतजमीन घेताना बहिणींचीही संमती लागते हे सगळ्यांना ठाऊक असतं, मग चार-सहा लाखांचं इंजिन घेताना ते का विसरायचं? सर्व वारसांच्या सह्यांचं संमतीपत्र घ्या. मृत्यूचा दाखला घ्या. मालमत्तेवरून घरात कुरबुर असेल तर दिवाणी न्यायालयाचं वारस प्रमाणपत्र येईपर्यंत थांबा. अमेरिकेत अशा वेळी मृत माणसाच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणारा न्यायालयानं नेमलेला किंवा मान्य केलेला माणूस विक्रीपत्रावर सही करतो, आणि त्याच्या नेमणुकीचा कागदही अर्जासोबत जोडावा लागतो. हे पुढे कधीतरी करू म्हणाल तर जमणार नाही. दहा वर्षांनी ती मुलं कुठे असतील आणि सही द्यायला तयार होतील का, कोण सांगणार?

इंजिनाचं खातं वेगळं ठेवा. किटबरोबर रोटॅक्स ९१२ मिळतंय असं म्हटलं की घेणाऱ्याचे डोळे चमकतात, कारण अख्ख्या सौद्यात सगळ्यांत महाग तेच असतं. पण ते बहुधा दुसऱ्याच विक्रेत्याकडून आलेलं असतं, कधी एखाद्या मोडलेल्या विमानातून काढलेलं. त्यामुळे त्याचं बीजक, त्याचा क्रमांक आणि त्याचं लॉगबुक स्वतंत्रपणे मागा. इंजिनावरचा क्रमांक स्वतः वाचा, फोटो काढा, लॉगबुकातल्या क्रमांकाशी ताडून पाहा. या मालिकेतल्या नव्या इंजिनांना दोन हजार तास किंवा पंधरा वर्षं, जे आधी पुरं होईल तेव्हा, संपूर्ण दुरुस्ती सांगितलेली असते आणि रबरी भाग पाच वर्षांनी बदलावे लागतात. ‘एकदाही चालवलेलं नाही’ हे ऐकायला बरं वाटतं, पण बारा वर्षं पेटीत पडलेल्या इंजिनाचं घड्याळ थांबलेलं नसतं. लॉगबुक नसलेलं इंजिन मी तरी भंगाराच्या भावानं धरीन.

आता बांधणीची वही. मालकीचा कागद नसूनही मालकीइतकाच महत्त्वाचा असा हा दस्तऐवज आहे. अमेरिकेत घरबांधणीच्या विमानाला प्रायोगिक वर्गात जागा मिळते ती एका अटीवर: निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतःच्या शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेलं असावं. लोक त्याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. ते काम एकाच माणसानं करायला हवं असं नाही. आधीच्या हौशी मालकानं केलेलं कामही धरलं जातं, पण ते त्यानं केलं याचा पुरावा हवा. तारीखवार नोंदी, फोटो, कुठल्या दिवशी कुठली फासळी रिव्हेट केली याची टिपणं. फोटोत तो माणूस स्वतः दिसत असेल तर उत्तम. ही वही विक्रेत्यानं दिली नाही तर त्यानं केलेलं निम्मं काम तुमच्या हिशेबात शून्य होऊ शकतं. आणि त्यानं पैसे मोजून एखाद्या कारागिराकडून काम करून घेतलं असेल तर ते काम हौशी धरलं जात नाही. हे आधी विचारा, लेखी विचारा.

याला जोडूनच आणखी एक मुद्दा. घरबांधणीच्या विमानाचा निर्माता म्हणून किट कंपनीचं नाव लागत नाही, बांधणाऱ्याचं लागतं. नोंदणीच्या कागदावर आणि विमानावरच्या धातूच्या पाटीवर तेच नाव राहतं. अर्धवट किट घेऊन तुम्ही ते पुरं केलंत तर निर्माता तुम्ही होऊ शकता आणि अमेरिकेत त्याच विमानाची दरवर्षीची तपासणी स्वतः करायचं प्रमाणपत्रही मागू शकता. पूर्ण झालेलं, उडणारं विमान जुनं घेतलंत तर निर्माता पहिला माणूसच राहतो आणि ते प्रमाणपत्र तुम्हाला मिळत नाही. दरवर्षी बहुधा परवानाधारक मेकॅनिक बोलवावा लागतो. काही विक्रेते पुढची जबाबदारी टाळण्यासाठी पाटी काढून ‘सुटे भाग’ म्हणून विमान विकतात. असं विमान पुन्हा नोंदवणं फार जिकिरीचं होतं. त्या वाटेला जाऊच नका.

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींसाठी थोडं जास्त सांगतो, कारण या वस्तूचा खरा बाजार तिकडेच आहे. ओशकोशला दर वर्षी जुलैच्या अखेरीस भरणाऱ्या मेळाव्यात अशी विमानं शेकड्यांनी उतरतात. अमेरिकेत नोंदणीसाठी तीन कागद लागतात: अर्जाचा नमुना ८०५०-१, विक्रीपत्राचा नमुना ८०५०-२ आणि घरबांधणीच्या विमानासाठी मालकीचं प्रतिज्ञापत्र, नमुना ८०५०-८८. या तिसऱ्यासोबत किट कुठून आलं ते दाखवणारी विक्रीपत्रं जोडायची. सगळं ओक्लाहोमा सिटीच्या नोंदणी कार्यालयात जातं आणि फी अगदी किरकोळ असते. पण अर्जाच्या आधीच बहुतेक मराठी तरुण एका गोष्टीपाशी अडतात, ती म्हणजे व्हिसा. एच-१बी व्हिसावर असलेल्या माणसाच्या नावानं तिथे विमान नोंदवता येत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड हवं. किट बाळगायला आणि बांधायला हरकत नाही, उडवायची वेळ आली की प्रश्न येतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभे असाल तर ट्रस्टच्या मार्गाबद्दल तिथल्या विमानविषयक वकिलाला आधी विचारा. मित्राच्या नावावर करून टाकू म्हणाल तर मालक मित्रच होणार.

तिथली नोंदणी म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, असं त्यांचा कायदाच म्हणतो. मालकी विक्रीपत्रांनीच ठरते. विक्रेता ‘एन-क्रमांक घेऊन ठेवलाय’ असं सांगेल, तर तो तिथला नोंदणी-क्रमांक नुसता राखून ठेवलाय की विमान खरंच नोंदवलंय ते सरकारी संकेतस्थळावर पाहा. राखून ठेवलेला क्रमांक म्हणजे नोंदणी नव्हे. आणि किट कधीच नोंदलेलं नसेल तर त्यावरच्या कर्जाचा पत्ता ओक्लाहोमात लागणार नाही. विक्रेता ज्या राज्यात राहतो तिथल्या कर्जनोंदीत त्याचं नाव शोधावं लागेल.

आता सगळ्यांत अवघड भाग: ते किट इकडे आणायचं असेल तर. १९४४ च्या शिकागो करारानुसार एक विमान एकाच वेळी दोन देशांत नोंदलेलं चालत नाही. म्हणून आपला डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, परदेशी विमानासाठी तिकडची नोंदणी रद्द झाल्याचा दाखला मागतो. किट तिकडे कधीच नोंदलं नव्हतं तर तसं सांगणारं तिकडच्या यंत्रणेचं पत्र लागतं. विक्रेता सोबत असताना हे पत्र मिळवा, कारण नंतर तो फोन उचलेलच असं नाही. त्याशिवाय बीजक किंवा विक्रीपत्र, कस्टम्सची बिल ऑफ एन्ट्री, आयातीची परवानगी आणि अर्जदाराची कागदपत्रं, असा सगळा संच हवा.

बिल ऑफ एन्ट्रीत वस्तूचं वर्णन काय लिहिलंय हे फार काळजीनं पाहा. कर वाचवायला ‘ॲल्युमिनियमचे सुटे भाग’ म्हणून माल सोडवून घेणारे सल्लागार भेटतात. पूर्ण किट जोडलेलं नसलं तरी कस्टम्स ते विमान म्हणूनच धरू शकतं, म्हणजे दंडाची टांगती तलवार आहेच. त्याहून वाईट म्हणजे, जो कागद सुट्या भागांचा आहे त्यावर उद्या विमानाची नोंदणी मागायला तुम्ही कुठल्या तोंडानं जाणार? कर मात्र जबर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून खासगी वापराच्या विमानांवर जीएसटी ४० टक्के झालाय. हा हिशेब किटच्या किमतीत आधीच धरा. पैसे बँकेतून पाठवा, कारण माल खरंच आला याचा पुरावा म्हणून बँकही बिल ऑफ एन्ट्री मागते. अमेरिकेतल्या मावसभावानं तिकडे पैसे भरून किट बोटीवर चढवलं असेल तर कागदावर मालक मावसभाऊ असतो. त्यानं तुम्हाला वेगळं विक्रीपत्र किंवा बक्षीसपत्र लिहून द्यायलाच हवं. नातं कितीही गोड असो.

भारतात विमानविषयक १९३४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झालाय. त्यामुळे जुन्या ओळखीच्या माणसानं सांगितलेल्या जुन्या नमुन्यावर विसंबू नका, डीजीसीएच्या संकेतस्थळावरचा चालू मजकूर वाचा. आणि एक रुपयाही देण्याआधी डीजीसीएच्या मुंबई कार्यालयाला लेखी विचारा: हे मॉडेल, या क्रमांकाचं, एवढं बांधलेलं किट, मी पुरं केलं तर कोणत्या वर्गात नोंदलं जाईल आणि उड्डाणाची परवानगी कोणत्या अटींवर मिळेल? उत्तर यायला वेळ लागेल. विक्रेता तेवढा थांबत नसेल तर त्याला दुसरं गिऱ्हाईक शोधू द्या. माझं मत विचाराल तर केज तालुक्यात बसून परदेशातलं अर्धवट किट मागवणं हा आजच्या घडीला शहाणपणाचा सौदा नाही. यादवांना मुंबईत राहून, स्वतः वैमानिक असून जेवढा पाठपुरावा करावा लागला तेवढा तुमच्याकडून होईल का, हे स्वतःलाच प्रामाणिकपणे विचारा.

त्यापेक्षा देशातच नोंदलेलं जुनं मायक्रोलाइट मिळालं तर वाट पुष्कळ सरळ आहे. व्हीटीनं सुरू होणारी त्याची खूण डीजीसीएच्या नोंदवहीत शोधा. नोंद चालू आहे की रद्द झालीय, मालक म्हणून विक्रेत्याचंच नाव आहे की एखाद्या क्लबचं, आणि बँकेचा बोजा नोंदलाय का, एवढं पाहिलं की निम्मं काम झालं. क्लबच्या नावावर असेल तर विकण्याचा ठराव आणि सही करणाऱ्याला दिलेले अधिकार मागा. सचिवानं एकट्यानं विकलेलं विमान उद्या बाकीचे सभासद परत मागू शकतात. नोंद रद्द झालेली असेल तर ती का रद्द झाली, हे सांगणारं पत्र आणि सगळी लॉगबुकं हातात पडल्याशिवाय पुढे जाऊ नका. अपघातानं रद्द झालेली नोंद आणि मालकानं फी न भरल्यानं रद्द झालेली नोंद यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सौदा ठरला तर इसाराची रक्कम छोटी ठेवा आणि इसार पावतीवर लिहून घ्या की अमुक कागद अमुक तारखेपर्यंत मिळाले नाहीत तर पैसे परत. उरलेली रक्कम मूळ कागद हातात आल्यावरच द्या. झेरॉक्स पाहून देऊ नका. प्रत्येक मूळ कागद स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा आणि मूळ प्रती किटच्या शेडमध्ये न ठेवता घरात ठेवा, कारण उंदराला बीजक आणि ज्वारीचं पोतं यांतला फरक कळत नाही.

विक्रेत्याला पहिल्याच फोनवर किंमत विचारू नका. किटचा अनुक्रमांक विचारा, कारखान्याच्या सगळ्या बीजकांचे आणि बांधणीच्या वहीच्या पहिल्या व शेवटच्या पानांचे फोटो मागा. ते आले तर किट बघायला जा. ‘ते कागद शोधावे लागतील, तुम्ही या तर खरं’ असं म्हणाला, तर शोधून झाल्यावर फोन करा म्हणून सांगा.